घडीच्या चाकूचे पोलाद : वऱ्हाडातील धारेच्या मूल्यमापनाचा इतिहास

घडीचा चाकू ही वऱ्हाडातील सामान्य माणसाच्या नित्य व्यवहारातील वस्तू असूनही इतिहासलेखनात तिला फारसे स्थान मिळालेले नाही. तलवार, कट्यार, दांडपट्टा यांच्या पोलादाविषयी पुष्कळ लिहिले गेले. संग्रहालयांतून त्यांचे नमुने जपले गेले. परंतु बंडीच्या खिशात किंवा धोतराच्या कनवटीला राहणारा, सुतळी, ऊस, संत्रे आणि बोरू यांवर सारखाच चालणारा चाकू झिजून संपला, आणि त्याच्याबरोबर त्याच्या धातूविषयीचे ज्ञानही पुसट झाले. अकोल्याच्या जठारपेठेसारख्या पेठेत आज असा चाकू मागितला, तर ‘स्टीलचा हवा की लोखंडी?’ असा प्रश्न सहज विचारला जाईल. हा प्रश्न वरवर व्यवहाराचा असला तरी त्यात दोन शतकांचा इतिहास दडलेला आहे. शिवाय तो ज्या शब्दांत विचारला जातो ते शब्द धातुशास्त्राच्या दृष्टीने दिशाभूल करणारे आहेत. पात्याचे चांगले पोलाद कोणते, या प्रश्नाचे उत्तर निरनिराळ्या काळी निरनिराळे का दिले गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. धातू आणि त्याची नावे

पात्याच्या धातूचे गुण मुख्यतः त्यातील कर्बाच्या, म्हणजे कार्बनच्या प्रमाणावर अवलंबून असतात. घडीव लोखंडात कर्ब जवळजवळ नसतो. म्हणून ते मऊ असते व त्याची धार लगेच वळते. ओतीव लोखंडात तो २ टक्क्यांहून अधिक असतो. म्हणून ते ठिसूळ असते व घणाखाली फुटते. या दोहोंच्या मधला धातू म्हणजे पोलाद. चाकूच्या पात्यास सामान्यतः अर्धा ते एक टक्का कर्ब पुरतो. असे पोलाद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात किंवा तेलात एकदम निववले की ते अत्यंत कठीण होते. मात्र त्या अवस्थेत ते काचेसारखे तडकते, म्हणून त्यास पुन्हा मंद आच देऊन काही कठीणपणा मुद्दाम उतरवावा लागतो. मराठीत या साऱ्या क्रियेस ‘पाणी देणे’ असे म्हणतात. पाते कोणत्या धातूचे आहे यापेक्षा त्याला पाणी कसे दिले आहे, यावर जुन्या कारागिराचा भर असे. हा भर योग्य होता, कारण एकाच कांबीतून घडवलेली दोन पाती पाण्याच्या फरकाने एक उत्तम व दुसरे निरुपयोगी ठरू शकते.

मराठीतील जुन्या संज्ञा या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत रसग्रंथात लोहाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे तीन वर्ग केलेले आहेत. त्यांपैकी तीक्ष्ण लोहाची स्मृती मराठीतील ‘तिखे’ या शब्दात टिकली. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द पोलाद या अर्थी नोंदलेला आहे. ‘पोलाद’ हा फारसीतून आलेला शब्द त्याच्या शेजारी रुजला, आणि तलवारीच्या उत्तम धातूस ‘गजवेल’ असे म्हटले जाई. म्हणजे मराठी भाषकांजवळ एके काळी लोखंड आणि पोलाद यांत, तसेच पोलादाच्या प्रतींत, भेद करणारे स्वतंत्र शब्द होते. हे शब्द व्यवहारातून कसे गेले, याचा विचार पुढे यावयाचा आहे.

२. वऱ्हाड आणि लोखंड

वऱ्हाडची भूमी काळ्या कातळाची व काळ्या मातीची. कापसाला ती अनुकूल, परंतु गाळून घेण्याजोगे लोहखनिज अकोला–अमरावतीच्या मैदानात नाही. येथील लोहार हा पूर्वापार बाहेरून आलेल्या लोखंडावर काम करणारा कारागीर होता. पूर्वेस चांदा जिल्ह्यात लोहारा येथील समृद्ध खनिज होते व कोळशाच्या भट्ट्यांत ते गाळण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होता. दक्षिणेस पैनगंगा ओलांडली की निर्मळचा प्रदेश लागतो, आणि त्याच्याही पुढे, गोदावरीच्या दक्षिणेस, आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम हे गाव आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात जाईपर्यंत हे दोन्ही प्रदेश निजामाच्याच राज्यात होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कोनासमुद्रम येथील पोलादाच्या कारखानदारीचे वर्णन हेन्री व्हॉयसी या भूगर्भतज्ज्ञाने केले. त्याचा मृत्यू १८२४ मध्ये झाला. त्याचा वृत्तान्त १८३२ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या ठिकाणचे दोन प्रकारचे लोखंड एकत्र करून ते मातीच्या मुशीत बंद करावयाचे, दीर्घकाळ प्रखर आच द्यावयाची आणि मूस सावकाश निवू द्यावयाची, अशी ती पद्धती होती. मुशीतून निघणारा पोलादाचा गोळा विकत घेण्यासाठी इराणी व्यापारी स्वतः त्या गावी येऊन राहत. २०१० मध्ये बंगळूरची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था आणि इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठ यांनी उत्तर तेलंगणात केलेल्या पाहणीत जुन्या धातुकामाची दोनशेहून अधिक स्थळे नोंदली गेली. यावरून या धंद्याचा विस्तार कळून येतो.

तथापि, वऱ्हाडातील शेतकऱ्याचा किंवा कुळकर्ण्याचा चाकू याच पोलादाचा होता, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. मुशीतील पोलाद महाग होते आणि त्याचे गिऱ्हाईक मुख्यतः शस्त्रकार होते. साध्या हत्यारांत अंग लोखंडाचे आणि धारेपुरती पोलादाची पट्टी जोडलेली, अशी काटकसरीची रीत होती. कुऱ्हाडीची धार झिजली की लोहाराकडून पुन्हा ‘पोलाद चढवून’ घेणे हा तिचाच भाग होय. या रीतीत हत्यार कधी पूर्णपणे निकामी होत नसे. गावचा लोहार किंवा बैलगाडीवर संसार घेऊन फिरणारा घिसाडी भात्याशी बसून त्याला नवी धार देऊ शके.

३. बोरू आणि कलमतराश

घडीच्या लहान चाकूचा जुना मान लेखणीशी निगडित आहे. मोडीचे दप्तर बोरूने लिहिले जाई, आणि बोरू कापण्यासाठी, त्याची जीभ तिरकी छाटण्यासाठी व तिला मधोमध चीर देण्यासाठी कलमदानाजवळ चाकू लागे. फारसीत त्यास ‘कलमतराश’ म्हणत. याच काळी युरोपात पक्ष्याच्या पिसाची लेखणी कापण्यासाठी तशाच लहान चाकूचा उपयोग होत होता. मात्र दोन्ही कामे सारखी नव्हेत. पीस मऊ असते. बोरू ही गवताच्या कुळातील वनस्पती असून तिच्या देठात वाळूच्याच जातीचे सूक्ष्म कण, म्हणजे सिलिका, असते. त्यामुळे बोरू कापणारी धार लवकर बोथट होते. शिवाय बोरूची चीर सरळ जाण्यासाठी पाते पातळ हवे, आणि पातळ पाते टिकण्यासाठी ते कठीण हवे. पातळपणा व कठीणपणा यांचा मेळ घालणे ही पात्याच्या पोलादाची सर्वांत अवघड कसोटी असून ती कलमतराशाला रोज द्यावी लागे.

४. १७९५ ची चाचणी

दख्खनी पोलाद आणि इंग्रजी पोलाद यांची तुलना करणारी, लेखी नोंद असलेली एक आरंभीची चाचणी नेमकी अशाच लहान चाकूवर झाली. मुंबईतील कंपनीचे वैद्य हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे ‘वूट्झ’ नावाच्या पोलादाचे नमुने पाठवले. हे नाव कन्नड ‘उक्कु’ या शब्दापासून आले असावे असे सामान्यतः मानले जाते. जॉर्ज पिअर्सन यांनी या नमुन्यांचे परीक्षण करून १७९५ मध्ये सोसायटीपुढे निबंध वाचला. निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत तयार झाल्याचे म्हटले आहे. परंतु मुंबई बेटावर लोखंडाची खाण नव्हती. मुंबई हे मालाचे बंदर होते. बंदराचे नाव मालाला चिकटले आणि ज्यांनी तो घडवला त्यांचे गाव व नाव दोन्ही नोंदीबाहेर राहिले.

बँक्स यांच्या इच्छेवरून जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या हत्यारकारागिराने वूट्झच्या तुकड्याचा लेखणी कापण्याचा चाकू घडवला. त्याचा अनुभव दुहेरी होता. धार उत्तम आली. इंग्लंडातील उत्कृष्ट पोलादाशी ती बरोबरी करणारी होती, आणि अनेक कामांना हे पोलाद अधिक सरस ठरेल असे त्याचे मत झाले. परंतु ते घडवताना त्यास फार कष्ट पडले. पांढऱ्या आचेवर घाव घातला की धातूचा चुरा होई. मंद लाल आचेवरच तो घणाला दाद देई. पिअर्सन यांना याचे खरे कारण उमगले नाही. वूट्झमध्ये लोखंडाचे भस्म मिसळले असावे असा त्यांनी तर्क केला. डेव्हिड मशेट यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत योग्य दिशा दाखवली: यात कर्बाचे प्रमाण नेहमीच्या पोलादाहून अधिक आहे. आजच्या विश्लेषणांत ते बहुधा १.५ टक्क्याच्या आसपास आढळते.

स्टोडार्ट यांनी पुढेही वूट्झचा पाठपुरावा सोडला नाही. आपल्या दुकानाच्या जाहिरातपत्रात त्यांनी हे हिंदी पोलाद आपण युरोपातील उत्तम पोलादाहूनही पसंत करतो असे छापले होते. त्यांच्याबरोबर मायकेल फॅरेडे यांनी १८१९ पासून वूट्झचे विश्लेषण व १८२० आणि १८२२ मध्ये पोलादाच्या मिश्रधातूंवरील प्रयोग प्रसिद्ध केले. फॅरेडे हे लोहाराचे पुत्र होते. वूट्झचे गुण त्यातील इतर द्रव्यांमुळे आले असावेत हा त्यांचा तर्क टिकला नाही. पण पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहण्याच्या संशोधनाला त्यातून चालना मिळाली.

या प्रकरणाचा अर्थ दोन टोकांनी लावला जातो. एका बाजूस, हिंदी पोलाद जगात श्रेष्ठ असून ते परकी सत्तेने बुडवले, असे म्हटले जाते. दुसऱ्या बाजूस, ते अशास्त्रीय असल्याने मागे पडले, असे. चाकूची चाचणी या दोन्ही मतांना मर्यादा घालते. धारेच्या कसोटीवर हे पोलाद उणे नव्हते, हे प्रतिस्पर्धी देशाच्या कारागिराने मान्य केले. परंतु ज्याच्या हाताला त्या धातूची आच ठाऊक नव्हती त्याला तो सहज वश होईना, आणि प्रत्येक गोळ्यातील कर्ब सारखा असेल याची हमी नव्हती. हजारो सारखी पाती काढणाऱ्या कारखान्याला एका अप्रतिम पात्यापेक्षा हजार बऱ्या पात्यांची हमी मोलाची वाटते. मूल्यमापनाची कसोटी येथे बदलली.

५. शेफिल्ड आणि आगगाडी

ही हमी शेफिल्डने दिली. बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने अठराव्या शतकाच्या पाचव्या दशकात मुशीत पोलाद वितळवण्याची रीत सिद्ध केली होती. घड्याळाच्या कमानींसाठी एकजिनसी पोलाद मिळावे हा त्याचा मूळ हेतू. घडीच्या चाकूलाही कमान लागते. पाते उघडे असताना त्यास ताठ धरणारी आणि मिटताना आत ओढणारी ही पाठीवरची पट्टी लवचिक नसेल तर चाकू धोकादायक होतो. पाते, कमान आणि खिळा यांच्या त्रिकुटामुळे घडीचा चाकू हा साध्या सुरीपेक्षा वेगळा, कारखान्याच्या शिस्तीला अधिक अनुकूल असा पदार्थ ठरला.

१८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची भुसावळ–नागपूर शाखा पूर्ण झाली आणि अकोला, बडनेरा ही स्थानके मुंबई बंदराशी जोडली गेली. कापसाच्या गाठी ज्या मार्गाने बंदराकडे गेल्या त्याच मार्गाने विलायती माल वऱ्हाडात येऊ लागला. लोखंडाचेही तेच झाले. कोळशाच्या भट्टीतील देशी लोखंडापेक्षा विलायती सळई व पट्टी स्वस्त पडू लागली. लोहाराचा भाता विझला नाही, परंतु त्याच्या हातातील धातूचे मूळ बदलले आणि त्या धातूची प्रत पारखण्याचे जुने शब्द हळूहळू निरुपयोगी झाले. कारखान्याचा छाप हीच प्रतीची खूण ठरली.

तरीही या टप्प्यावर एक गोष्ट कायम होती. शेफिल्डचे पाते हेही साध्या कर्बयुक्त पोलादाचेच होते. मोडलेल्या पात्याला वऱ्हाडातील लोहार पुन्हा तापवून, घडवून, पाणी देऊ शकत होता. धातू परका झाला असला तरी त्यावरील विद्या गावातच होती.

६. अगंज पोलादाचे आगमन

खरा खंड पडला तो विसाव्या शतकात. पोलादात क्रोमियम मिसळल्यास ते गंजाला दाद देत नाही, याची चाहूल फ्रान्समध्ये प्येअर बर्त्ये यांना १८२१ मध्येच लागली होती. परंतु पात्याला उपयोगी असे अगंज पोलाद शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी ऑगस्ट १९१३ मध्ये ओतले. त्यात सुमारे १२.८ टक्के क्रोमियम व ०.२४ टक्के कर्ब होता. गंज न चढण्याचे कारण असे की क्रोमियमचा प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर अत्यंत पातळ व चिवट पापुद्रा तयार होतो, आणि तो खरवडला तरी आपोआप पुन्हा धरतो.

शेफिल्डच्या चाकूवाल्यांनी आरंभी या धातूची थट्टा केली. न कापणारे चाकू काढणारा माणूस म्हणून ब्रिअर्ली यांना हिणवले गेले. टीका अगदीच निराधार नव्हती. कर्ब कमी, आणि असलेल्या कर्बापैकी काही भाग क्रोमियमशी बांधला जाणारा; त्यामुळे जुन्या रीतीने पाणी दिलेले पाते मऊ राही. साधे पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसवर पाणी घेते. ही आच लोहाराला रंगावरून ओळखता येते. अगंज पोलादाला मात्र १००० अंशांहून अधिक तापमान नियंत्रित रीतीने द्यावे लागते. कारखान्याने ही रीत आत्मसात केली. भात्याच्या भट्टीत ती साधत नाही. अगंज पात्याने वऱ्हाडातील लोहाराला चाकूच्या धंद्यातून बाहेर काढले ते केवळ किमतीने नव्हे, तर या तापमानाच्या उंबरठ्याने.

७. आजची तुलना

एकाच घडणीचा चाकू दोन्ही पोलादांत मिळतो तेव्हा तुलना स्पष्ट होते. फ्रान्सच्या साव्वा प्रांतात १८९० पासून बनत असलेला ओपिनेल हा चाकू असे उदाहरण आहे. त्याच्या साध्या पात्यात सुमारे ०.९ टक्का कर्ब असतो. अगंज पात्यात कर्ब कमी आणि क्रोमियम सुमारे १३ ते १४ टक्के. पहिले पाते निसण्यावर चटकन धार घेते, पण लिंबाच्या रसाने काळे पडते. दुसरे स्वच्छ राहते, पण धार लावण्यास अधिक श्रम घेते. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स चाकूत सुमारे ०.५ टक्का कर्ब व १५ टक्के क्रोमियम असून त्याचा कठीणपणा रॉकवेल मापाने ५५–५६, म्हणजे मुद्दाम बेताचा, ठेवलेला असतो. घरच्या साध्या दगडावर धार लागावी आणि पाते तुटू नये, हा हिशेब त्यामागे आहे. अधिक कठीण म्हणजे अधिक चांगले, असे समीकरण कारखानदारही मानत नाहीत.

वऱ्हाडात या तुलनेला स्थानिक परिमाण आहे. येथील उन्हाळा कोरडा असल्याने कोकणाप्रमाणे बारमाही गंजाची भीती नाही. तेल पुसून ठेवलेले साधे पाते पावसाळ्यातही निभावते. उलट संत्र्याच्या प्रदेशात आम्लाशी गाठ रोजची. वरूड तालुक्यातील शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरला जातो. त्यासाठी सालीला ‘टी’ आकाराची चीर देऊन डोळा अलगद आत बसवावा लागतो. चीर चेचली तर डोळा धरत नाही. येथे पातळ आणि तीक्ष्ण धारच उपयोगी. पण रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून पाते वारंवार जंतुनाशकात बुडवावे लागते, आणि तेथे साधे पोलाद लवकर डागाळते. धार हवी तर साधे पोलाद, स्वच्छता हवी तर अगंज, असा हा खरा पेच आहे, आणि कामाचा विचार न करता तो सुटत नाही.

तिसरा पर्याय लोहाराच्या भट्टीतला. मोटारीचे जुने कमानपाटे, झिजलेल्या कानशी, यंत्रांतील जुने बेअरिंग यांपासून आजही सुऱ्या व विळे घडवले जातात. कमानपाट्यात साधारण अर्धा टक्क्याहून थोडा अधिक, बेअरिंगमध्ये सुमारे १ आणि कानशीत त्याहूनही किंचित अधिक कर्ब असतो. ही तिन्ही उत्तम प्रतीची पोलादे आहेत. तरीसुद्धा त्यांपासून बनलेल्या सुरीला बाजारात ‘लोखंडी’ म्हणतात, आणि ‘स्टील’ हा शब्द केवळ न गंजणाऱ्या, चकचकीत धातूसाठी राखून ठेवला जातो. परिणामी ज्यात कर्ब अधिक व धार घेण्याची शक्ती अधिक, ते आजच्या मराठीत लोखंड ठरते. आणि ज्यात प्रसंगी कर्ब फारच थोडा, ते पोलादाच्या मानाला पोचते. तिखे, पोलाद, गजवेल हे शब्द धारेवरून पारख करीत. स्टील हा शब्द चकाकीवरून करतो.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, पात्याचे पोलाद कधीही केवळ धारेवरून निवडले गेले नाही. वूट्झ धारेत कमी पडले नव्हते, ते एकसारखेपणात कमी पडले. अगंज पोलाद आरंभी धारेत उणे होते, तरी निगा कमी लागत असल्याने पुढे गेले. दुसरी, प्रत्येक बदलाबरोबर दुरुस्तीचे सामर्थ्य गिऱ्हाइकापासून अधिकाधिक दूर सरकले: प्रथम धातू गाळणारा परका झाला, मग पाते घडवणारा, शेवटी पाणी देणारा. आज गावात उरला आहे तो चाक फिरवून धार लावणारा, आणि त्याचीही संख्या घटत आहे. तिसरी गोष्ट संशोधनपद्धतीची आहे. जुन्या यादीत, पंचनाम्यात किंवा संग्रहालयाच्या चिठ्ठीवर ‘लोखंडी चाकू’ असा उल्लेख आढळला तर त्यावरून धातूची प्रत ठरवू नये. तो शब्द ज्या काळी लिहिला गेला त्या काळचे बाजाराचे वर्गीकरण तेवढे त्यातून कळते. धातूची प्रत ठरवण्यासाठी पात्याची प्रत्यक्ष परीक्षा हवी.

ही परीक्षा अद्याप शक्य आहे. वऱ्हाडातील जुन्या वाड्यांच्या कलमदानांत, लोहारांच्या अडगळीत आणि कलमे करणाऱ्या माळ्यांच्या पेट्यांत अशी पाती सापडण्याचा संभव आहे. त्यांचे पृथक्करण आणि वयोवृद्ध कारागिरांच्या तोंडच्या संज्ञांचा संग्रह ही दोन कामे एकत्र व्हावयास हवीत, कारण शब्दांवाचून पाते मुके राहते आणि पात्यावाचून शब्दांचा अर्थ तपासता येत नाही. यांपैकी पाती आणखी काही वर्षे थांबू शकतील. कारागीर थांबू शकणार नाहीत.